गुरुवारचा सराव

पडद्यावर आई दिसली तेव्हा मी पर्समध्ये खडीसाखर शोधत होते. त्या सिनेमात बघण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मी मध्यंतराआधीच ठरवून टाकलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये जमलेली माणसं हात वर करून ओरडत होती, कॅमेरा त्यांच्या घामावरून सावकाश फिरत होता, जणू घाम ही काही फार मोठी गोष्ट आहे, आणि पुढच्या रांगेत आमच्या चर्चमधली वडीलमंडळी सुटात घुसमटून आळीपाळीने खोकत होती. मे महिन्यातली सकाळ, आणि हे सूट घालून आलेले. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या थेटरात. बाहेर दाखवायच्या आधी खास आमच्यासाठी ठेवलेला खेळ होता; सिनेमा आपल्यावर आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि आपल्यावर म्हणजे आपल्या बाजूने, असं त्यांनी परस्पर धरून टाकलं होतं. मला खडा सापडला, तो मी तोंडात टाकला, मान वर केली, आणि समोर आई होती, भिंतीएवढी. डोळे मिटलेले, एक हात वर, बांगड्या कोपराकडे घसरलेल्या, हनुवटीवरचा तीळ ताटलीएवढा. ती गात होती. तिच्या गळ्याची शीर फुगली होती, आणि नुसते ओठ हलवणाऱ्या माणसाची शीर फुगत नाही हे मला कुणी शिकवायला नको. मग कॅमेरा पुढे सरकला, दुसऱ्या कुणाच्या तरी घामाकडे, आणि माझ्या दाताखाली खडा कडकन फुटला. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं.

आई माझ्याकडे राहते. पप्पा गेल्यापासून तिचं बोलणं आटत गेलं, आणि गेली दोनेक वर्षं तर ती ‘हं’ आणि ‘नको’ एवढ्यावर संसार चालवते आहे. डॉक्टर म्हणाले, वय झालं, मेंदू आकसतो, बोलणं आधी जातं. मी ते मान्य केलं; मला शास्त्राशी भांडायची सवय नाही. मी तिला वेळेवर गोळ्या देते, केस विंचरते, रात्री एक स्तोत्र वाचून दाखवते, आणि ती ‘हं’ म्हणते. फक्त गुरुवारी संध्याकाळी मी नसते, कारण गुरुवारी चर्चमध्ये क्वायरचा सराव असतो आणि माझ्याशिवाय तिथे एक माणूस सुरात येत नाही. त्या वेळेला माझी धाकटी बहीण मोना कोडोलीहून येते आणि आईपाशी बसते. दोघी मालिका बघतात, असा माझा समज होता. मालिका ही त्या दोघींच्या कुवतीची गोष्ट आहे, असंही मला वाटत होतं. शुक्रवारी सकाळी आईचा घसा बसलेला असे. मी तिला ज्येष्ठमध देत असे, अडुळशाचं औषध देत असे, खिडकी रात्री उघडी का ठेवलीस म्हणून रागवत असे. ती ‘हं’ म्हणून ज्येष्ठमध चघळत बसे. थेटरात, अंधारात, मला ते सगळे शुक्रवार एकदम आठवले आणि माझे कान तापले.

या सिनेमाशी माझा संबंध सल्लागार म्हणून. शेवटच्या नावांच्या पाटीत माझं नाव आहे, ‘विशेष सहाय्य, निशिगंधा समुद्रे’, आणि त्या पाटीवरून ते काढायची हिंमत आता कुणी करू नये. ऋतुराज पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याच्या पायांत कोल्हापुरी चप्पल होती, तीही मुंबईहून घेतलेली. त्याचे वडील शाहूपुरीत गुळाचे व्यापारी, आणि पोरगं पुण्यात जाऊन सिनेमा शिकून आलेलं. काकू, दोन चर्चची गोष्ट आहे, तो म्हणाला. एक जुनं दगडी, एक नवं पत्र्याचं, आणि श्रद्धा नेमकी कुठं राहते असा प्रश्न आहे. श्रद्धेचा पत्ता शोधत फिरायला हा काय पोस्टमन आहे, असं मला वाटलं, पण मी त्याला चहा दिला. त्याच्या आधीच्या दोन सिनेमांत काय होतं हे त्याने मला सांगितलं. त्यातही कुणीतरी काहीतरी शोधतच होतं.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी मी चर्चमध्ये गेले तर वेदीवर मेणबत्त्या. दोन नाहीत, चार नाहीत, एखाद्या दीपोत्सवाला लागाव्यात तेवढ्या. कोपऱ्यात मरियेचा पुतळा, भाड्याने आणलेला, नाकाचा टवका उडालेला. चर्चच्या गाणं-मास्तरची भूमिका करणारा नट छातीवर क्रूस काढून दाखवत होता आणि तालासुरात ‘माय चाइल्ड’ म्हणत होता. मी ऋतुराजला बाजूला घेऊन सांगितलं की बाबा, आम्ही प्रोटेस्टंट, आमच्या चर्चमध्ये मेणबत्ती फक्त वीज गेली की लागते. पुतळा आमच्या आजोबांनी पाहिला असता तर तो बाहेर फेकला असता, आणि क्रूस काढणारा माणूस आमच्यात फार तर सुतार असतो. आम्ही कोल्हापूरची माणसं. नाताळला आमच्या घरी तांबडा-पांढरा रस्सा असतो, केक बेकरीतून येतो आणि शेजारी वाटून संपतो. आमच्या आजोबांचं नाव जोतीराम. डोंगरावरच्या जोतिबाच्या नवसाने झालेले म्हणून जोतीराम. ख्रिस्ती झाल्यावर पाळकसाहेबांनी नाव बदलायचं का विचारलं तर म्हणाले, देव बदललाय तेवढं पुरे हाय. हे ऐकून ऋतुराजचे डोळे पाणावले. या मुलांचे डोळे फार लवकर पाणावतात, आणि पाणावलेल्या डोळ्यांनी त्यांना समोरची मेणबत्ती दिसत नाही. पुतळा गेला, मेणबत्त्या मात्र राहिल्याच, कारण उजेड छान पडत होता.

त्याला पेन्सिलीची गोष्ट मीच सांगितली. कुणी विचारलं नव्हतं, पण आमच्याकडे काय होतं आणि त्या शेडवाल्यांकडे काय नाही, हे त्याला नीट कळावं असं मला वाटलं. पप्पा या चर्चचे गाणं-मास्तर होते. पेटी त्यांची, चाली त्यांच्या, आणि कान असा की गाभाऱ्यात वटवाघूळ फडफडलं तरी कुठल्या पट्टीत ते सांगतील. गुरुवारी सरावाला क्वायर आणि हौशी मंडळी बाकांवर बसत, कुणीतरी पेटी धरून ठेवी, आणि पप्पा बाकांमधून फिरत. हातात लाल-निळी पेन्सिल, शाळामास्तरांची. कुणाचा सूर हलला की त्याच्या खांद्यावर निळं टोक टेकायचं, म्हणजे लक्ष दे. लाल टोक टेकलं तर रविवारी उपासनेत नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. पप्पा एक शब्द बोलत नसत, मागेही वळून पाहत नसत. ज्याला लाल टोक लागलं त्याचं पुढे कधीच निघालं नाही, आणि कुणी तक्रारही केली नाही. म्हणून तर आमच्या चर्चमध्ये गीत ऐकायला पप्पांच्या काळात बाहेरगावचे लोक येत. लग्नाची बोलणी करताना ‘मुलीला टोक लागलंय का’ असं विचारायची आमच्यात पद्धत होती. आईला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात लागलं, लालच. ती सूर सोडत नसे, खरं सांगायचं तर. ती ओळीच्या शेवटच्या अक्षरावर बसून राही. सगळी मंडळी पुढच्या ओळीला लागली तरी ही आपली दम संपेपर्यंत तिथेच, आणि मग दोन मात्रा मागून धापा टाकत येई. पप्पा जेवताना ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगत, आणि आईही वाढता वाढता हसत असे. मीही हसत असे. ऋतुराजला सांगताना मी हसले, आणि तो म्हणाला, काकू, हे सोनं आहे.

मोनालाही लाल टोक लागलं, शाळेत असताना, आणि ती पेटीमागे लपून रडली. मला कधीच लागलं नाही. हिचा कान माझा आहे, असं पप्पा सांगत, आणि ती पेन्सिल आता माझ्याकडे आहे, अंगठ्याएवढी उरलेली, पेटीच्या खोक्यात. मोना रडली त्याची परिणती पुढे पास्टर राजवीरमध्ये झाली. कोडोलीला तिचं सासर. मुलाला ताप आला, इंजेक्शन दिलं, त्यानंतर पास्टरने डोक्यावर हात ठेवला आणि ताप उतरला, म्हणजे अर्थात पास्टरने उतरवला. हा राजवीर पूर्वी पेठ वडगावच्या एस्टी स्टँडसमोर मोबाईलचं रिचार्ज मारून देत असे. आता पांढरे बूट घालतो आणि माणसांत आत्मा भरतो. दोन्ही धंद्यांत गिऱ्हाइकाने डोळे मिटून विश्वास ठेवायचा असतो. जोतिबाच्या रस्त्याला वीटभट्टीच्या मागे त्याची शेड आहे, आणि तिथे कीबोर्ड, बडवायचं इलेक्ट्रिक पॅड, कर्णे, रडणं, पडणं, साक्षी देणं असं सगळं चालतं, हे मला मोनाने उत्साहात सांगितलं होतं. मी तिला विचारलं होतं, गातं कोण? ती म्हणाली, सगळीच की. मग पुष्कळ दिवस आम्ही गोळ्या आणि डॉक्टर सोडून काही बोललो नाही.

सिनेमात तो प्रसंग असा घेतलाय. दगडी चर्च, मेणबत्त्या, नट बाकांमधून चालतोय. एका म्हाताऱ्या बाईच्या खांद्यावर पेन्सिलीचं लाल टोक टेकतं. ती बाई म्हणजे नाटकातली कुणीतरी, ओठ हलवायचे म्हणजे काय हे तिला कळलेलंच नाही, ती मासळीसारखी तोंड उघडते. शांतता. आणि त्या शांततेतून एकदम शेडमधला कल्लोळ, हात, घाम आणि आई. म्हणजे पप्पांनी गप्प केलेली बाई आणि माझी खरी आई अशा दोघी एकाला एक जोडून. जोडणाऱ्याला ठाऊक होतं की नव्हतं, हा प्रश्न मी थेटरात बसून सोडवत राहिले. गीत पप्पांचंच होतं. ‘वाट चुकले कोकरू मी, ये मला शोधावया’, शब्द पप्पांचे, चाल पप्पांची, आणि ती चाल त्या पॅडच्या धबडग्यात कुणी नेली असेल तर मोनाने. त्यावर ऋतुराजने व्हायोलिनं घातली होती, लोकांना नेमकं कुठे रडायचं ते कळावं म्हणून. त्या सगळ्या थराखाली आईचा आवाज होता. थेटरातल्या दुसऱ्या कुणाला तो वेगळा काढता आला नसता. मला आला. ‘मी’वर ती बसून राहिली होती, सगळे पुढे गेले होते, आणि दोन मात्रांनी ती आली. पन्नासहून अधिक वर्षांनी, त्याच जागी, तीच चूक.

पडदा पांढरा झाल्यावर लोक टाळ्या वाजवत उठले. आमच्या वडीलमंडळींनीही वाजवल्या. आपली टवाळी झाली हे त्यांना घरी जाऊन, जेवून, झोपून उठल्यावर कळणार होतं. मी ऋतुराजला व्हरांड्यात गाठलं. तेजस्वी, म्हणजे सिनेमातली नायिका, जी ख्रिस्ती बाई कशी चालते ते पाहायला तीन दिवस माझ्या घरी राहिली होती आणि शेवटी स्वतःसारखीच चालली होती, त्याच्या दंडाला धरून उभी होती. मी म्हणाले की शेडमधल्या त्या बाई काढून टाक. कोणत्या बाई, हे त्याने विचारलं नाही, त्यावरून मला काय ते कळलं.

“काढतो की, काकू,” तो म्हणाला. “सिनेमा शुक्रवारी बाहेर पाठवायचाय. तवर एकदा आक्कांशी बोला, आन मला कळवा. तुम्ही काढ म्हटलं की काढला.”

“आई बोलत नाही,” मी म्हणाले.

पहिल्यांदाच त्याचे डोळे पाणावले नाहीत. “बोलल्या की,” तो म्हणाला. “लई बोलल्या.”

घरी आले तर आई खिडकीशी बसून लसूण सोलत होती. मी समोर बसले. तिच्या हनुवटीवरचा तीळ आता तिळाएवढाच होता. मी तिला विचारलं, तू मोनाबरोबर कुठे जातेस का? ती ‘हं’ म्हणाली. मी विचारलं, त्या लोकांनी तुझा फोटो काढला, सिनेमात घातला, तुला चाललं का? ती ‘हं’ म्हणाली. मी म्हणाले, मी तो काढायला सांगणार आहे. तिने सोललेल्या पाकळ्या वाटीत ओतल्या, पदराला हात पुसले, आणि म्हणाली, “नको.” आता हे ‘नको’ कशाला होतं? फोटोला, काढायला, की मला? तिचे दोनच शब्द, आणि त्यांतून अर्थ काढायचा म्हणजे पंचांग बघण्यासारखं. मला चीड आली. चीड यायला हवी होती ती मोनावर, त्या रिचार्जवाल्यावर, गुळाच्या पोरावर. ती आली तेवढी सगळी आईवरच आली, हे मी स्पष्ट सांगते. ज्या माणसाला मी भरवते, न्हाऊ घालते, त्याने शब्द राखून ठेवावेत आणि बाहेर वाटावेत? लई बोलल्या म्हणे. काय बोलली असेल? पप्पांबद्दल? माझ्याबद्दल? त्या रात्री मी स्तोत्र वाचलं नाही, आणि तिने मागितलंही नाही.

ते दृश्य जायला हवं होतं, यात मला काहीच शंका नव्हती. सिनेमा पुढे कुठकुठल्या गावांत जाईल, परके लोक बघतील, आणि ज्यांच्या चालींवर तीन पिढ्या गायल्या त्या माणसाच्या बायकोने म्हातारपणी वीटभट्टीमागे हात वर करून बेताल गायलं, एवढंच त्यांच्या लक्षात राहील. पप्पांना कुणी ओळखणार नाही, पेन्सिल मात्र लक्षात राहील. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं, भाजी चिरताना, पेटी पुसताना. सांगताना प्रत्येक वेळी मधेच ती फुगलेली शीर आठवे आणि वाक्य अर्धं राही. ऋतुराजचे फोन येत होते. मी घेतले नाहीत. शुक्रवारच्या आत मला ते डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणजे काढ म्हणताना आवाज हलणार नाही.

गुरुवारी मी क्वायरला निरोप धाडला की सराव नाही, आणि नेहमीसारखी साडी नेसून, गीतांची पिशवी घेऊन बाहेर पडले. मोना आलेली होती. आईचे केस तिने माझ्यापेक्षा वेगळे बांधले होते, सैल, कानांवरून. हेही दर गुरुवारी होत असणार, आणि शुक्रवारी मी ते सोडून पुन्हा घट्ट बांधत असणार. मी चर्चच्या आवारात जाऊन बसले. दगडी भिंत गार होती. आत कुणी नव्हतं. बाकांवर धूळ, वेदीपाशी शूटिंगवाल्यांच्या मेणाचे डाग अजून तसेच, आणि त्यांवरून वडीलमंडळींत आता दोन तट पडलेत, एक खरवडावं म्हणणारा आणि एक गरम इस्त्री फिरवावी म्हणणारा. यांची श्रद्धा इथे राहते, ऋतुराजला सांगायला हवं होतं, मेणाच्या डागात. अंधारून यायच्या आधी मी रिक्षा केली. रिक्षावाल्याला शेड बरोबर माहीत होती. आमचं चर्च त्याला माहीत नव्हतं.

वीटभट्टीचा धूर खाली बसला होता. पलीकडे जोतिबाच्या डोंगरावर दिवे लागत होते. शेड म्हणजे खरोखर शेडच, कोंबड्यांची असावी तशी, निळ्या पत्र्याची, दाराशी चपलांचा ढीग. त्या ढिगात आईची करडी चप्पल मला लगेच दिसली, मोनाच्या चपलेशेजारी जुळवून ठेवलेली. माझ्या घरी ती कधी चप्पल जुळवत नाही. मी माझी काढली, थोडी लांब ठेवली, आणि दारातून आत शिरून भिंतीला लागून उभी राहिले. आत सगळं मला वाटलं होतं तसंच होतं, किंबहुना त्याहून वाईट. राजवीरचे पांढरे बूट, कर्ण्यातून येणारा त्याचा फाटका आवाज, उसाच्या फडातून थेट आलेल्या बायका, एक मोठ्याने हुंदके देणारा धिप्पाड माणूस, पॅडवाल्याचा उजवा हात डाव्याच्या सतत पुढे. कीबोर्ड अर्ध्या सुराने चढा. माझं डोकं पहिल्या मिनिटातच दुखू लागलं. प्रत्येक जण आपापल्या पट्टीत होता, कुणी कुणाला ऐकत नव्हतं, आणि माझ्याकडे पेन्सिल असती तर कुणापासून सुरुवात करावी हे कळलं नसतं.

आई तिसऱ्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत होती, पाठमोरी. मोना तिच्या पाठीवर हात ठेवून उभी. पप्पांचं गीत सुरू झालं, म्हणजे त्यांनी त्याचं जे काही केलं होतं ते सुरू झालं, आणि मी कान लावला. मला फार शोधावं लागलं नाही. तिचा आवाज जाड होता. मी तो ओळखला असं म्हणणं चुकीचं. तो मी सिनेमात एकदाच ऐकला होता, त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. जन्मल्यापासून त्या बाईच्या कुशीत, पाठीवर, ताटासमोर वाढले आणि तिचा गाण्याचा आवाज मला ठाऊक नव्हता. ओवाळताना ती पुटपुटे, झोपवताना थोपटे. ‘वाट चुकले कोकरू मी’, तिने ‘मी’ धरला आणि सोडलाच नाही. शेड पुढे गेली, पॅड पुढे गेलं, राजवीर तर कधीच पुढे गेला होता. ती बसली होती तिथेच, सावकाश, कुणाची वाट अडवल्यासारखी, आणि तिथे कुणाची अडतही नव्हती. माझी बोटं आपोआप मांडीवर मात्रा मोजत होती. मला मोनाचा हेवा वाटला. तिच्या त्या हाताचा, जो आईच्या पाठीवर होता आणि ज्याला तो आवाज आतून लागत असणार.

तेवढ्यात एका बाईने माझ्यासाठी खुर्ची ओढली. “पावणं, हितं बसा की,” ती म्हणाली, इथल्या माणसांच्या त्या आवाजात जो शेताच्या या टोकावरून त्या टोकाला जातो. दोन-चार डोकी वळली. आईचंही वळलं. तिने मला पाहिलं. ती दचकली नाही, लाजली नाही, काहीच नाही. तिने डोकं पुन्हा समोर केलं, वर धरलेला हात खाली घेऊन मांडीवर ठेवला. तिरप्या बाजूने मला तिचा गाल दिसत होता. ओठ हलत होते. नीट, मात्रेवर, एकही मात्रा मागे नाही. आवाज नव्हता. त्या सबंध गदारोळातून तो एक आवाज गेला आणि हे मला एकटीला कळलं, कारण माझा कान पप्पांचा आहे. ते ओठ मी ओळखत होते. दर रविवारी पेटीमागून, लहानपणापासून, मी तेच पाहिले होते. पप्पा तर तिथे नव्हते. पेन्सिल घरी खोक्यात होती.

मी बाहेर आले. चपलांपाशी उभी राहिले. पत्र्याला पाठ लावली तर पत्रा पॅडच्या दणक्याने थरथरत होता. दोन कडवी गेली. पुढच्या कडव्यात, ओळीच्या शेवटी, सगळे पुढे निघून गेल्यावर, पत्र्याच्या पलीकडून तो जाड आवाज पुन्हा आला आणि ‘शोधावया’च्या ‘या’वर बसून राहिला. माझी बोटं पुन्हा मांडीवर चालू झाली. मी मूठ मिटली.

मोना बाहेर आली. धापा टाकत होती, पदर खांद्यावरून ओघळलेला, कपाळावर घाम. कॅमेऱ्याला आवडतो तो. “ताई,” ती म्हणाली, “आत चल की. जागा हाय.”

“मी आत आले की ती गप्प होते.”

मोनाने पदर खांद्यावर घेतला. “ठावं हाय,” ती म्हणाली. “म्हणून तर गुरुवारी आणतो.”

आत कुणीतरी साक्ष द्यायला उठलं होतं, माइक खरखरत होता. मोना चपलांमध्ये उगाच पायाने काही सारखं करत राहिली. मग म्हणाली की तो पोरगा सारखा फोन करतोय, उद्या पाठवायचाय म्हणतोय, ताईला विचारा म्हणतोय. त्याला काय सांगू? मी म्हणाले, राहू दे म्हणावं. ती काही बोलायच्या आधी मी म्हणाले, फक्त ती व्हायोलिनं काढून टाक म्हणावं, दळभद्री आहेत, खालचं काही ऐकू येत नाही.

मी चप्पल घातली. आत पुन्हा गीत धरलं होतं, दुसरंच कुठलं तरी, चाल म्हणायलाही लाज वाटावी असलं. मी आईच्या आवाजाची वाट न बघता पिशवी उचलली.

“पुढच्या गुरुवारी सराव लांबणार आहे,” मी मोनाला म्हणाले. “सावकाश या.”